गार झाल्यावर चालू होतंय का

जुनं यंत्र घ्यायला गेलात आणि दुकानदारानं ते चालू करून दाखवलं, "बघा, दिवे कसे झकास लागलेत," असं म्हणाला, तर लगेच भुलू नका. चालू असलेलं यंत्र चालू दिसतं, यात कसलं आलंय कौतुक! त्याला म्हणायचं, बंद कर. मग बाहेर जाऊन चहा घ्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, आणि यंत्राचा पत्रा हाताला पार गार लागला की म्हणायचं, आता लाव. वर्षानुवर्षं न थांबता चाललेल्या यंत्राची खरी परीक्षा इथं होते. गरम असतं तोवर ते कसंबसं रेटत असतं. एकदा गार पडलं की आतल्या पॉवर सप्लायचे म्हातारे झालेले भाग परत उभे राहत नाहीत, आणि मग कितीही बटणं दाबा, ढिम्म. हे मला भावजींनी शिकवलं. मी आपली शिवणक्लास केलेली बाई, पॉवर सप्लाय कशाशी खातात हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे दोस्त. दोघं एकाच गावचे, एकाच शाळेतले, आणि फौजेतही एकाच युनिटला, सिग्नलमध्ये. भावजी नोकरी पुरी करून पेन्शनवर गावी आले, आमचे हे अजून तिकडंच आहेत. गावात इंटरनेट आणि वायरीचा फोन द्यायचा धंदा काढायचा, हे त्या दोघांनी बराकीत बसूनच ठरवलं होतं. ह्यांनी पैसा घालायचा, भावजींनी डोकं घालायचं आणि मी ऑफिसात बसून गिऱ्हाइकांच्या शिव्या खायच्या. वाटणी अशी झाली, आणि खरं सांगते, माझ्या वाट्याला आलेलं काम मला लय आवडलं. शिव्या देणाऱ्याला परत दोन द्यायला मी कधीच कमी पडले नाही.

आमचं गाव पलूस आणि कुंडलच्या मधलं, चारी बाजूंनी ऊस, हाकेवर नदी. घरात मोबाइलला रेंज नाही, बोलायचं म्हटलं की माणूस स्लॅबवर जाऊन उभं. घरटी कुणी ना कुणी फौजेत, आणि म्हाताऱ्या आयांना तो काचेवर बोट फिरवायचा फोन काही जमत नाही. म्हणून आम्ही इंटरनेटबरोबर बटणांचा साधा फोनही द्यायचो, त्याच वायरीवरून. फोन वाजला की उचलायचा, बोलायचं, ठेवायचा. कितीतरी घरांनी नेट घेतलं ते त्या फोनसाठीच.

नवीन माल घ्यायची आमची ऐपत नव्हती. मोठ्या शहरांतल्या कंपन्या थोड्या थोड्या वर्षांनी चांगली चालती यंत्रं काढून नवी बसवतात. तो काढलेला माल साताऱ्याला औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात यायचा. मी आणि भावजी एसटीनं जायचो. जाताना त्यांच्या पिशवीत काय असायचं सांगू? एक स्क्रू ड्रायव्हर, फायबरमधला उजेड मोजायचं मीटर, एक दाभण आणि घरातला जुना बटणांचा फोन. गोदामवाला आम्हाला बघितलं की कपाळाला हात लावायचा. "आले मिल्ट्रीवाले! आता माझा दिवस गेला."

आणि जायचाच त्याचा दिवस. भावजी आधी स्क्रू बघायचे. सगळे एकसारखे असले तर बरं, एखादा वेगळा दिसला की यंत्र आधी कुणीतरी उघडलंय. धुळीनं माखलेली पेटी त्यांना चालायची, पण धुऊनपुसून चकाचक केलेली दिसली की ते दाभण काढायचे आणि पत्र्याच्या सांध्यात घालून खरवडायचे. दाभणाच्या टोकाला बारीक करडी माती आली की माझ्यापुढं धरायचे. वास घेतला की कळायचं, पुरात बुडालेलं आहे. नदीकाठच्या माणसाला तो वास काय सांगायला लागतोय? पूर ओसरल्यावर घराघरांतनं आम्ही तोच गाळ उपसलेला. मग भावजी पेटी गुपचूप खाली ठेवून पुढं सरकायचे, गोदामवाल्याला टाकून बोलायचे नाहीत. मी मात्र बोलायचे. "दादा, पाण्यातनं काढलेलं आम्हाला विकताय व्हय? आमच्या घरात लय हाय तसलं!"

मग जुन्या मालकाचा पासवर्ड निघतोय का ते बघायचं, नाहीतर कुलूपबंद डबा घरी आणल्यासारखं होतं. आमच्याकडं आधीच बसवलेल्या यंत्रांशी त्याचं जमतंय का ते बघायचं. तसलाच दुसरा सप्लाय पुढं मिळणार का, हे विचारायचं. घराघरांत बसवायच्या छोट्या डब्या तर एकेक तपासायच्या. भावजी गोदामाच्या एका टोकाला डबीला फोन जोडून बसायचे, मी दुसऱ्या टोकाला. आवाज घुमतोय का, मागं गुणगुण येतीय का, ते ऐकायचं म्हणजे काहीतरी बोलायला तर पाहिजे. पहिल्या पहिल्यांदा आम्ही दोघं नुसतं "हॅलो, हॅलो" करायचो. नंतर भावजी विचारायला लागले, "वैनी, आज भाजी काय केलीया?" मी सांगायचे. पुढच्या डबीला, "मीठ बरोबर पडलंय का?" असं करत करत शेवटच्या डबीपर्यंत आमच्या अख्ख्या घरादाराच्या गप्पा व्हायच्या. गोदामवाला म्हणायचा, समोरासमोर बोला की! भावजींना बहीण नव्हती. एकदा फोनवरच म्हणाले, "वैनी, तुमी माज्या भनीच्या जागी हाय." मी म्हटलं, आवाज घुमतोय, ही डबी परत करा. डोळ्यांत पाणी आलं होतं ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

असं निवडून आणलेलं आमचं सामान. त्यात जीव होता तो एका मोठ्या पेटीत. गावभर गेलेल्या सगळ्या वायरी तिच्यातून निघायच्या, ती गेली की सगळं गेलं. घरापुढच्या खोलीत आमचं ऑफिस, तिथं ती रात्रंदिवस घोंगावत असायची. घेताना ती गार करून, परत लावून, पुन्हा गार करून घेतलेली. पण त्यालाही बरेच उन्हाळे होऊन गेले होते. तिला दोन सप्लाय होते, एक गेला तर दुसरा सांभाळायचा.

त्या वर्षी नवरात्रात त्यातला एक गेला. भावजींनी साताऱ्याला फोन करून तसलाच सप्लाय सांगितला, तो दसरा झाल्यावर येणार होता. आणि भावजींना जायचं होतं नागपूरला. दसऱ्याला ते दर वर्षी आईला घेऊन दीक्षाभूमीवर जातात. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून त्यांच्या घरात दसरा म्हणजे तोच. निघायच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडं आले, आणि मी, सासूबाई, सासरे असे सगळे असताना हात जोडून म्हणाले, "एकच सांगतो. म्या येईस्तवर ही पेटी हातानं बंद करू नका. लाईट गेली तर बॅटरीवर चालंल. पण बंद करू नका, न्हाईतर परत उठायची न्हाई." माझे सासरे, आम्ही मामंजी म्हणतो आणि गाव आबा म्हणतं, तंबाखू मळत म्हणाले, "न्हाई रं बाबा, कोण हात लावतंय तिला! तू जा बिनघोर."

दर वर्षी खंडेनवमीला ऑफिसातली पूजा मीच उरकायचे. चालू पेटीला लांबून हळदकुंकू दाखवायचं, फूल ठेवायचं, झालं. त्या वर्षी आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, हात मोडलेला. म्हणून पुरणाचा सगळा घाट माझ्या गळ्यात आला आणि पूजेचं ताट मामंजींकडं गेलं. त्यांनी ट्रॅक्टर धुतला. विळे, खुरपी, कोयते घासून पाटावर मांडले. विहिरीवरच्या मोटारीला माळ घालून आले. मी पुरण वाटत होते आणि मागच्या दारात हाका सुरू झाल्या. एकाला सांगतेय तोवर दुसरा, तो जातोय तोवर तिसरा. सगळ्यांचं एकच, नेट गेलं. मी हात तसेच भरलेले घेऊन पळत ऑफिसात गेले.

मामंजी पेटीपुढं पाटावर बसले होते. बटण बंद. बॅटरीची वायरसुद्धा काढून ठेवलेली. पेटी ओल्या फडक्यानं पुसून तिला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, वर झेंडूची फुलं.

"मामंजी! बंद का केली?"

"मग? चालत्या अवजाराची पूजा करत्यात व्हय गं? आजच्या दिशी त्येला इसावा द्याचा आस्तोय."

"आवं, भावजी सांगून गेलेत की!"

"त्येला काय ठावं आपल्या पूजेचं," मामंजी म्हणाले आणि नारळ फोडला.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. उलट त्या पेटीचं त्यांना कौतुकच होतं. घरच्या बैलाला जपावं तसं तिला जपलं होतं त्यांनी. पण मी बटण दाबलं तेव्हा पंखा अर्धा फिरला आणि थांबला. परत दाबलं. दिवे लागले नाहीत. मामंजींच्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता तो तसाच राहिला. म्हणाले, "ईल की थोड्या टायमानं." त्यांचा आवाज मात्र पडला होता.

मी स्लॅबवर जाऊन भावजींना मोबाइल लावला. तिकडं ही गर्दी, मागं वंदना चाललेली, मला ओरडून बोलावं लागलं. त्यांनी वायरी काढून परत लावायला सांगितल्या, ते खाली जाऊन करून आले, काही झालं नाही. मग त्यांनी विचारलं, "वैनी, बंद कशी झाली?" मी खरं ते सांगितलं. मग म्हणाले, "बरं. आबांस्नी काय बोलू नका. म्हातारं माणूस हाय, मनाला लावून घ्येतील. म्या बघतो." असं बोलणाऱ्या माणसाच्या वाट्याला पुढं काय यावं!

दसऱ्याच्या दिवशी गावात नेट नाही, फोन नाही. सणाला पोरांचे फोन येतात. बर्फात ड्यूटी असलेल्यांना एरवी वेळ मिळत नाही, सणाला मिळतो. एक म्हातारी सकाळी येऊन आमच्या पायरीवर बसली ती उठेचना. "माज्या लेकाचा फोन येनार हुता गं बाई," एवढंच म्हणत होती. मी तिला पुरणपोळी दिली, तिनं ती बाजूला ठेवली. मामंजी ते बघून मागच्या दारानं शेतात निघून गेले.

संध्याकाळी सोनं लुटून सगळे चौकात पारावर जमले. मी बायकांबरोबर देवळातनं येत होते. पारावरून कुणीतरी मामंजींना हटकलं, "आबा, काय ओ तुमचं नेट! आख्खा सण वाया गेला की गावाचा." आता, मामंजी म्हणजे गावातला शब्दाचा माणूस. भावकीतली भांडणं त्यांच्यापुढं मिटायची. ते म्हणतील ते खरं, अशी चाल. मी थांबले. मला वाटलं, आता सांगतील. मामंजी खाली बघत म्हणाले, "जुनं सामान. त्येनंच साताऱ्यासनं आनलेलं. म्या म्हनत हुतो, नवं घ्या."

ते कधीच तसं म्हणत नव्हते. पण तेवढं वाक्य पुरलं. एकजण म्हणाला, भंगारच की ते, कमिशन खाल्लं आसंल. दुसरा म्हणाला, सणासुदीला हा तिकडं जाऊन बसला, सण आपला, त्येला काय त्येचं! लोक हसले. हे शेवटचं बोलणारा माणूस भावजींच्या शेजारी शाळेत बसायचा, त्यांच्या पेन्शनच्या पार्टीला जेवला होता. आमच्या घरात भावजी आमच्याच कपात चहा प्यायचे, आमच्या ताटात जेवायचे, आणि मी मोठ्या तोऱ्यानं माहेरी सांगायचे की आमच्यात तसलं काही नाही. त्या पारावर मला कळलं, तसलं सगळं होतं, फक्त वर यायला निमित्त लागत होतं.

मी गप्प बसले नाही. तिथंच म्हणाले, "पेटी मामंजींनी पूजेला बंद केली म्हणून गेली. भावजी सांगून गेलेले." मामंजींनी मान वर केली नाही. मग कुणीतरी हळूच, पण मला ऐकू येईल असं म्हणालं, "सून लय बाजू घेतीया. सारखं दोघं जोडीनं साताऱ्याला जात्यात न्हवं." राग इतका आला की हातातली आपट्याची पानं चुरगाळून टाकली. त्या एका वाक्यानं माझी साक्ष मातीत गेली. यापुढं मी जितकं खरं बोलेन तितकं ते भावजींच्याच अंगावर जाणार होतं, आणि बोलणाऱ्याला ते नेमकं माहीत होतं.

भावजी नागपूरहून रेल्वेनं आले ते थेट साताऱ्याला उतरले. आईला स्टँडवर बसवून गोदामात गेले, गोदामवाल्याच्या मागं लागून सप्लाय काढून घेतला, आणि अंगावरचे पांढरे कपडे न बदलता आमच्या ऑफिसात हजर. पेटी उघडली. पंख्याच्या जाळीत कुंकू गेलं होतं, झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. त्यांनी ब्रशनं सगळं हळू काढलं, पाकळ्या केराच्या डब्यात न टाकता कागदावर ठेवल्या आणि मला म्हणाले, "वैनी, ह्या पान्यात सोडा." नवा सप्लाय बसला, दिवे लागले, आणि घोंगावणं सुरू झालं. मी हुंदके देऊन रडले. त्यांना वाटलं आनंदानं रडतेय.

मी त्यांना चौकातलं काहीच सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगू? आईला घेऊन ते घरी जायला निघाले ते चौकातूनच. पुढचं मला त्यांच्या आईनं सांगितलं. पारावरून एकानं हाक मारली, "काय रं, भंगारात किती सुटलं?" भावजी हसले. त्यांना थट्टा वाटली. मामंजी तिथंच बसले होते. भावजी त्यांच्याकडं बघत म्हणाले, "आबा, सांगा की ह्येंस्नी." आणि मामंजींनी तोंड दुसरीकडं वळवलं.

दुसऱ्या दिवशी भावजी आले, ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. सगळे पासवर्ड मला समजावून सांगितले. कुठली वायर कुठं जाते, कुठल्या खांबावर जोड आहे, सगळं. मी ओरडले, भांडले, पाया पडते म्हणाले. ते म्हणाले, "वैनी, लोकांचं न्हाई ओ वाईट वाटत. फौजेत लय ऐकलंय. आबा गप्प बसले." त्यांना साताऱ्याला एका मोठ्या नेटवाल्या कंपनीत काम मिळालं. सुट्टीला तेवढे गावी यायचे.

मी ह्यांना फोन केला. तुमचा दोस्त आहे, तुम्ही एका ताटात जेवलात, तुम्ही तुमच्या वडलांना सांगा. हे म्हणाले, "आता वाढवू नकोस. आबांचं वय बघ. गावात ऱ्हायचं हाय आपल्याला." मी फोन आपटला. नवऱ्याचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता आणि खरं तर अजून पुरता गेलेला नाही.

मग मी एकटी धंदा ओढत राहिले. साताऱ्याला एकटी जायचे, दाभण घेऊन जायचे, गार करून बघायचे. पण बाई एकटी बघून गोदामवालासुद्धा बदलला. चहा पिऊन येईपर्यंत त्यानं गार होत असलेली पेटी मधेच परत लावून ठेवली होती की काय, देव जाणे, घरी आणलेली ती चार पावसाळी दिवसांत मेली. छोट्या डब्या तपासायच्या तर दुसऱ्या टोकाला बोलायला कुणी नाही. मी एका फोनमध्ये "हॅलो" म्हणायचे आणि पळत जाऊन दुसरा कानाला लावायचे. गोदामातले हमाल हसायचे. एकदा तसं पळता पळता मी मध्येच थांबले आणि एका खोक्यावर बसून राहिले. भाजी काय केलीया, हे विचारणारं कुणी नव्हतं.

नेट सारखं जायला लागलं. मोठ्या कंपनीची माणसं गावात फिरून वायरी ओढायला लागली, एकेक घर त्यांच्याकडं गेलं. तेव्हा मामंजी एका रविवारी कपडे घालून बाहेर आले. टोपी डोक्यावर, चपला पायात. मला म्हणाले, "गाडी काढ. त्येच्याकडं जाऊ." मला कोण आनंद झाला! स्कूटीची किल्ली सापडेना, आत्याबाईसुद्धा शोधायला लागल्या.

भावजींचं घर गावाच्या पूर्वेला, वस्तीत. मामंजी इतक्या वर्षांत त्या घराची पायरी चढले नव्हते. भावजींच्या आईनं खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. मामंजींनी तांब्या हातात घेतला, आणि पाणी प्याले. भावजी समोर उभे. मामंजींचे डोळे भरून आले. म्हणाले, "पोरा, चूक माजी झाली. म्याच बंद केली हुती. तू ये परत."

भावजींच्या आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, मिटलं. भावजी खाली बसले, मामंजींच्या गुडघ्यांपाशी, आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "आबा, हितं मला सांगून काय व्हनार? मला ठावंच हाय. चौकात सांगा. एवढंच एक वाक्य. तुमी सांगितलंसा की उद्याची साताऱ्याची गाडी म्या सोडतो, नोकरी सोडतो, सकाळी ऑफिसात हजर ऱ्हातो."

मामंजींनी मान हलवली. हो म्हणून हलवली, मी बघितलं. मग उठले, टोपी नीट केली, आणि आम्ही निघालो.

चौकात मी गाडी मुद्दाम थांबवली. पारावर नेहमीची सगळी होती. "या आबा, च्या घ्या," कुणीतरी म्हणालं. मामंजी उतरून पारापाशी गेले. मी गाडीवरच बसून राहिले. एकजण सहज म्हणाला, "कुटं गेलतासा सासरा-सून?"

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मग त्या सगळ्यांकडं बघितलं. तोंड उघडलं.

"दवाखान्यात," ते म्हणाले. "गुडघं लय दुखत्यात."

चहा आला, त्यांनी घेतला. ते परत गाडीपाशी आले तेव्हा मी गाडी सुरू केली होती. म्हटलं, "चालत या, मामंजी." सासऱ्याला असं बोलायची माझी ती पहिली वेळ. घरापर्यंत मला रस्ता दिसत नव्हता, नुसतं पाणी.

सकाळी मी ऑफिस उघडून झाडत होते. भावजी खांद्याला बॅग लावून रस्त्यानं आले. स्टँडला जायचा जवळचा रस्ता दुसरा आहे, ते मुद्दाम आमच्या दारावरून आले. ऑफिससमोर थांबले आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

"बरं," ते म्हणाले. "येतो, वैनी." आणि गाडी गाठायला निघून गेले.